बुश कोल्हापूरचा, टग मुंबईचा

शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुना शेपर आणि माणसं चार. २०२४ च्या पावसाळ्यात एक जॉब आला: गनमेटलचे सहा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या), आतून ग्रीसच्या खाचा पाडलेले. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'टोइंग विंच'. जॉब घेऊन आलेल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, ''मुंबई हार्बरातल्या टगचं, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीचं, काम आहे. जहाज ओढायचा दोर ज्या ड्रमवर गुंडाळतात ना, त्याच्या शाफ्टचे बुश.''

आमच्याकडचे जॉब पंपात जातात, साखर कारखान्यात जातात, ट्रॉलीच्या ॲक्सलला बसतात. ते पुढं कुठं फिरतात हे रस्त्यावर, शेतात दिसतं. हा जॉब मात्र समुद्रावर जाणार होता. बुश पॅक करताना मनात आलं, हे फिरताना एकदा बघायला पाहिजे. फोटो काढायची आवड जुनी आहे. रंकाळ्यावर पक्षी, जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठ्या आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हे माझे नेहमीचे विषय. टगचा फोटो कधी काढला नव्हता. टग डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

हे सगळं जमायला ८६ दिवस लागले. वाटेत बऱ्याच ठिकाणी अडलो, कारण विचारायला कुणी सापडत नव्हतं. कुणाला करायचं असेल तर त्याचे हेलपाटे कमी व्हावेत म्हणून सविस्तर लिहितोय. ज्या कंपनीनं मला टगवर घेतलं तिचं नाव, टगचं नाव आणि धक्क्याचा नंबर लिहायचा नाही अशी परवानगीतच अट होती. त्यामुळं ती नावं इथं नाहीत.

आधी टगचं काम थोडक्यात सांगतो. तीनशे मीटर लांबीचं जहाज भर समुद्रात स्वतःच्या इंजिनावर सरळ जातं. पण बंदरात शिरताना वेग कमी करावा लागतो. वेग उतरला की सुकाणूवरून वाहणारं पाणीही कमी होतं आणि सुकाणू ऐकेनासं होतं. त्यात वर कंटेनरची भिंत असते, तिला वारा लागतो. अशा जहाजाला वळवायचं, थांबवायचं आणि धक्क्याला अंड्यासारखं अलगद टेकवायचं, ते काम टगचं. टगची लांबी जेमतेम तीस मीटर, पण आत दोन मोठी इंजिनं. त्याची ताकद 'बोलार्ड पुल'मध्ये मोजतात. टगचा दोर धक्क्यावरच्या खुंट्याला बांधायचा, पूर्ण जोर लावायचा आणि काट्यावर किती टन ओढ दिसते ते बघायचं. हार्बरचे टग साधारण ४० ते ८० टनांचे असतात.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दिवाळीची गडबड संपल्यावर पहिला अर्ज केला. बंदर म्हणजे एसटी स्टँड नव्हे, हे तेव्हा कळलं. १ जुलै २००४ पासून जगभरच्या बंदरांना आयएसपीएस नावाची सुरक्षा संहिता लागू आहे. त्यामुळं कुंपणाच्या आत पासाशिवाय माणूस जात नाही आणि वेगळ्या परवानगीशिवाय कॅमेरा जात नाही. मला आधी वाटलं होतं की एकाच अर्जात दोन्ही भागेल. तसं नव्हतं. प्रवेश वेगळा, छायाचित्रण वेगळं, आणि टगवर चढायला टग चालवणाऱ्या कंपनीची संमती त्याहून वेगळी. बहुतेक बंदरांत टग ठेक्यावर घेतलेले असतात, म्हणजे बंदर एकाचं आणि बोट दुसऱ्याची.

अर्जात उद्देश या रकान्यात मी 'छंद' असं लिहिलं. खरं होतं तेच लिहिलं. १२ डिसेंबरला अर्ज परत आल्याचा फोन आला. तीन त्रुटी होत्या. उद्देश स्पष्ट नाही. टग कंपनीचं पत्र जोडलेलं नाही. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला नाही. मधले २४ दिवस मी रोज फोनकडं बघत होतो. दोनदा स्वतःहून फोन केला, तर दोन्ही वेळा 'फाईल साहेबांच्या टेबलावर आहे' एवढंच उत्तर मिळालं. वाईट वाटलं, नाकारायचं नाही. त्या दिवशी लेथवर असताना फोन आला होता. बोलून परत आलो आणि चालू जॉब वीस मायक्रॉननं बिघडवला.

मग बुशचा जॉब आणणाऱ्या माणसाला गाठलं. त्यानं टग कंपनीतल्या त्याच्या साहेबांना फोन लावून दिला. साहेब मालवणकडचे. पाच मिनिटं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''अहो, छंद कशाला लिहिलात? तुम्ही पार्ट बनवणारे आहात. स्वतः बनवलेला पार्ट कामावर कसा चालतो ते बघायचंय, हेच लिहा. खरंही आहे आणि त्यांच्या फाइलीत बसणारंही आहे.'' आठ दिवसांत त्यांनी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात टगचं नाव, तारखेची मुदत आणि माझ्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीची असेल असं एक वाक्य होतं. त्या वाक्यामुळं पुढचं सगळं सोपं झालं.

पोलिसांचा दाखला ऑनलाइन भरला. चौकीत एकदा कागद दाखवायला जावं लागलं, तेराव्या दिवशी दाखला हातात. हमीपत्र पाचशेच्या स्टॅम्पवर केलं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवरची कामं पाचशेवर गेली आहेत, त्यामुळं घरात पडलेला जुना शंभरचा कागद उपयोगी पडला नाही. आधारची प्रत, दोन फोटो, कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर. ६ जानेवारीला अर्ज पुन्हा दिला. यावेळी पोस्टानं न पाठवता आतेभावाला लालबागहून पाठवलं आणि पोच घेतली. पोच घ्याच. आवक नंबर सांगितला की फोनवरचा आवाज बदलतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं.

आता थांबायचं होतं. पण नुसतं बसवेना. साहेबांनीच सुचवलं, ''परवानगी येईल तेव्हा येईल. टग बाहेरूनही दिसतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरा.'' ही सूचना सोन्यासारखी निघाली. ज्यांना टगवर चढायचंच नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचेत, त्यांनी वरचं सगळं कागदकाम विसरून जावं आणि इथून पुढं वाचावं.

हार्बर बघायला सामान्य माणसाला मुख्य रस्ते तीन आहेत. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या बोटी (लेणी सोमवारी बंद असतात). भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट), जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली. आणि भाऊच्या धक्क्यावरूनच उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँच. रो-रो उंच आणि स्थिर, फोटोला सगळ्यात आरामाची, तिकीट २०२५ च्या सुरुवातीला चारशेच्या आसपास होतं. घारापुरीची बोट तेव्हा जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास होती. मोऱ्याची लाँच सगळ्यात स्वस्त आणि तिची उंची पाण्यालगत. टगचा फोटो पाण्यालगत घेतला तरच त्याची छाती दिसते. वरून काढला तर तो खेळण्यातला वाटतो.

कधी जायचं हे मला कोकणातल्या एका जुन्या हिशेबानं कळलं. तिथले लोक तिथीची पाऊणपट करतात, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कोल्हापुरात बसून मुंबईचा समुद्र वाचता येतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. भरती का महत्त्वाची? खोल बुडणारी मोठी जहाजं भरती साधून आत येतात. मुंबईतल्या १९१४ सालच्या इंदिरा गोदीला तर पाणी अडवणारे दरवाजेच आहेत, तिथली ये-जा भरतीच्या वेळेशी बांधलेली. आणि जहाजं हलतात तेव्हाच टग हलतात. बाकी वेळ ते नुसते बांधलेले असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याची चढउतार मोठी आणि ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी शांत.

दुसरं साधन मोबाइलवरचं. मोठ्या जहाजांवर एआयएस यंत्र असतं, ते जहाजाचं नाव, वेग आणि दिशा सतत प्रसारित करतं. मरीनट्रॅफिकसारख्या ॲपवर ते फुकट दिसतं. मालवाहू जहाजं हिरवी, तेलवाहू लाल, टग फिकट निळसर. दोन निळसर ठिपके एखाद्या हिरव्या मोठ्या ठिपक्याकडं सरकायला लागले की पुढच्या अर्ध्या तासात काम होणार हे नक्की.

१२ जानेवारी २०२५, रविवार. कॅलेंडरवर शुद्ध चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, स्लीपरचं तिकीट साडेतीनशेच्या आत. सकाळी सीएसएमटीला उतरून थेट भाऊचा धक्का. १८ डिसेंबरला हार्बरात प्रवासी बोटीला मोठा अपघात झाला होता, माणसं गेली होती. घरातून निघताना आई त्यावरूनच काळजीत होती. लाँचवर चढताना लाइफ जॅकेट मिळालं, ते घातलं आणि त्यातला फोटो तिला पाठवला. तुम्हीही जॅकेट घाला आणि पट्टे बांधा. कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या वरून घ्यायचा, आतून घेतला तर अडकतो.

जानेवारीत मुंबईवर सकाळी धुरकट असतं. नऊ वाजेपर्यंत सगळं राखाडी, काहीच काढू नये. पहिली फेरी मी नुसतं बघण्यात घालवली. परतीच्या वेळी दहा वाजून गेले होते. आमची लाँच मध्येच मंद झाली. न्हावा-शेव्याच्या दिशेनं एक कंटेनरचं जहाज येत होतं आणि मोठं जहाज चॅनेलमधून येत असताना लहान बोटीनं आडवं जायचं नसतं. तांडेलानं लाँच बाजूला धरली आणि ते जहाज आमच्या समोरून सरकलं. एखादा सहामजली वाडा चालत जावा तसं.

त्याच्या पुढच्या अंगाला एक टग, मागच्या अंगाला एक. पुढच्याचा दोर वर गेलेला. मी धडाधड फोटो काढत सुटलो. माझ्या बाजूला एक म्हातारे खलाशी बसले होते, सुट्टीवर मोऱ्याहून मुंबईला निघालेले. त्यांनी हात धरला.

''बोटीला काय बघतोस, पोरा? बोट हलते कुठं? तिच्या मागचं पाणी बघ.''

बघितलं. मागच्या टगनं नाक जहाजाच्या कुशीला लावलं होतं आणि तो जागचा हलत नव्हता. पण त्याच्या मागं पाणी उकळत होतं. हिरवट-पांढरा लोट उसळून दहा-पंधरा मीटर मागं जात होता आणि त्यात खालचा गाळ वर येऊन तपकिरी नक्षी उठत होती. जहाज इंचाइंचानं वळत होतं. आमच्याकडं मैदानात दोन तगडे पैलवान एकमेकांच्या खांद्यात डोकं घालून उभे राहतात, लांबून वाटतं दोघं नुसते थांबलेत, आणि जवळ गेलं की पायाखालची माती मागं सरकताना दिसते. हे तसंच होतं. त्या क्षणानंतरचे माझे फोटो वेगळे आहेत. आधीच्या ११० फोटोंतला एकही ठेवला नाही.

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. लाँचच्या कठड्याला कोपर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. गुडघे थोडे वाकवून शरीरानं झटके प्या. शटर एक हजारांशाच्या खाली नको. दुपारी टगची पांढरी केबिन जळते, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवा. खारं पाणी लेन्सवर उडणारच, पुढं साधा फिल्टर लावा आणि पुसायला गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं आणि कोरडं फडकं अशी दोन ठेवा. कोरड्यानंच पुसलं तर मिठाचे कण काच खरवडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेटवेच्या बाजूला नौदलाची गोदी आहे. त्या दिशेला कॅमेरा वळवायचाच नाही. तेलाच्या जेट्ट्याही टाळा. ड्रोनचं तर नावच काढू नका. कुणी हटकलं तर कॅमेरा खाली, काढलेलं दाखवा आणि सांगतील तसं करा.

रात्री लालबागला आतेभावाकडं जेवलो आणि सोमवारी सकाळी परतीची गाडी. कोल्हापुरात उतरल्यावर दोन दिवस जमीन हलत होती.

५ फेब्रुवारी, बुधवार. परवानगी आली. एका दिवसाची, १२ फेब्रुवारी, सकाळी ८ ते दुपारी ४. कॅलेंडर काढलं, माघी पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. साहेबांनी तारीख मुद्दाम तशीच मागितली होती.

११ ला रात्री पुन्हा महालक्ष्मी. गेटवर सीआयएसएफचे जवान. पास, आधार, हमीपत्र, सगळं बरोबर. पिशवी उघडली आणि अडलं. माझ्या यादीत कॅमेऱ्याचा नंबर होता, लेन्सचे नव्हते. २४-७० ची लेन्स कॅमेऱ्याला लावलेली होती, ती कॅमेऱ्याबरोबर धरली गेली. ७०-३०० ची वेगळी होती, तिचा उल्लेख कुठंच नाही. दीड तास गेला. जवान काही चुकीचं वागत नव्हता. त्याच्या कागदावर जे नाही ते तो आत सोडू शकत नव्हता आणि बोलतही सभ्यपणे होता. शेवटी मोठी लेन्स कंपनीच्या ड्रायव्हरच्या ताब्यात देऊन आत गेलो. भरती चढत होती आणि मी कुंपणाबाहेर उभा होतो, त्या दीड तासात माझा जीव खालीवर झाला. यादी करताना प्रत्येक लेन्स, फ्लॅश, मेमरी कार्ड आणि मोबाइलसुद्धा वेगवेगळ्या ओळीत लिहा.

टगवर चढायच्या आधी वीस मिनिटं सुरक्षेची माहिती दिली. हेल्मेट, सेफ्टी शूज, चमकणारं जॅकेट, त्यावर लाइफ जॅकेट. शूज स्वतःचे न्यायचे, मापाचे मिळतीलच असं नाही. बोसननं (डेकवरचा मुकादम) मला डेकवर उभं केलं आणि बोटानं हवेत एक रेघ काढली. विंचपासून जहाजापर्यंत दोर ज्या ओळीत जाणार ती ओळ. ''दोरावर ताण आला की ह्या रेषेत आणि तिच्या आजूबाजूला कोणी नाही. तुटला तर तो चाबकासारखा परत येतो. आवाज ऐकू येईपर्यंत माणूस राहत नाही.'' मी दिवसभर ती रेघ डोळ्यांसमोर ठेवली.

टग एएसडी प्रकारचा होता. म्हणजे मागच्या बाजूला तळाशी दोन प्रोपेलर, प्रत्येक एका कड्यात बसवलेला आणि स्वतःभोवती पूर्ण ३६० अंशात फिरणारा. सुकाणू वेगळं नाहीच. मास्टर (टगचा कप्तान) केबिनमध्ये मध्यभागी बसतो आणि दोन्ही हातांत एकेक हँडल. हँडल फिरवलं की खालचा प्रोपेलर फिरतो, दाबलं की जोर वाढतो. त्यामुळं टग आडवा चालतो, जागच्या जागी गोल फिरतो, पुढं जाता जाता उलटा होतो. मास्टर देवगडचे, तीस वर्षं समुद्रावर. बोलताना हात थांबत नव्हते. मी विचारलं, ''काका, कुठल्या हातानं काय करता हे लक्षात कसं राहतं?'' म्हणाले, ''तुम्ही लेथवर दोन चाकं एकदम फिरवता तेव्हा विचार करता का?''

साडेदहाला काम आलं. पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा) जहाजावर आधीच चढलेला होता, त्याची खूण म्हणून अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा वर. व्हीएचएफ रेडिओवर त्याचा आवाज. तो एकेक हुकूम देतो आणि मास्टर तोच हुकूम परत उच्चारतो, म्हणजे ऐकण्यात चूक नाही. आम्ही जहाजाच्या पुढच्या नाकाखाली शिरलो. वर बघितलं तर आभाळ दिसत नव्हतं, नुसतं लाल-काळं लोखंड. जहाजही चालतंय, टगही चालतोय, मधलं अंतर दहा मीटरही नाही. जहाजावरून एक बारीक दोरी खाली आली, टोकाला गाठीचा गोळा. खलाशानं ती झेलली, आपल्या मधल्या दोरीला बांधली, वरच्यांनी ओढून घेतली आणि तिच्यामागं आमचा जाड दोर डेकवरून सरसरत वर गेला. हा दोर लोखंडी तारेचा नाही. एचएमपीई नावाच्या धाग्याचा आहे, ताकद तारेइतकी आणि वजन इतकं कमी की पाण्यावर तरंगतो.

''डेक क्लिअर.'' सगळे आत. दारं बंद करून कड्या लावल्या. मी विचारायच्या आधीच बोसन म्हणाला, ''काम चालू असताना दार उघडं ठेवायचं नाही. दोर आडवा गेला आणि जहाजानं आपल्याला बाजूनं ओढलं तर टग कलंडतो. दार उघडं असलं तर मिनिटात पाणी आत.'' या प्रकाराला गर्टिंग म्हणतात. टगच्या माणसांना सगळ्यात भीती त्याची असते. मास्टरच्या उजव्या हाताशी दोर झटक्यात सोडून देण्याचं बटण होतं, त्यावर झाकण. साडेतीन तासांत त्यांनी त्या झाकणाकडं किती वेळा नजर टाकली ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

केबिनच्या काचेतून मला विंच समोर दिसत होता. मोठी लेन्स गेटवर राहिली होती, म्हणून लांबचं काही काढता येत नव्हतं. मी विंचच बघत बसलो आणि आज वाटतं तेच बरं झालं. पायलटनं ओढायचा हुकूम दिला. दोर आधी पाण्याला टेकलेला होता. तो उचलला गेला, त्यातून पाणी पिळून निघालं, धार लागली. मग सरळ झाला. मग त्याचा रंग बदलल्यासारखा वाटला, कारण तो बारीक झाला होता. ड्रम दोन बोटं फिरला आणि थांबला. बेअरिंगच्या कडेनं ग्रीसची एक पिवळी वळी हळूच बाहेर आली, उन्हात चमकली आणि तिथंच थांबली. ग्रीस असं सगळ्या बाजूंनी सारखं बाहेर आलं म्हणजे आत बुश सरळ बसलाय, भार एकीकडं नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमचाच बुश होता का? साहेबांनी दुरुस्तीच्या वहीत बघून सांगितलं, सहापैकी दोन याच टगला बसलेत. माझ्या अंगावर काटा आला होता.

दुपारपर्यंत तीन जहाजं केली, एक बाहेर काढलं आणि दोन धक्क्याला लावली. धक्क्याला लावताना ओढायचं नसतं, ढकलायचं असतं. नाकावरचा रबराचा जाड फेंडर जहाजाच्या पोटाला लावायचा आणि दोर बांधून होईपर्यंत दाबून धरायचं. रबर लोखंडावर घासून करकरतं आणि तो आवाज बूटांतून वर येतो.

जेवणाच्या वेळी भात, सुरमईची आमटी आणि तळलेला बांगडा. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर इंजिन ड्रायव्हरनं इंजिनरूम दाखवली. कानाला मफ लावूनच खाली जावं लागतं. वर आल्यावर विजेवरच्या टगची गोष्ट निघाली. केंद्र सरकारनं १६ ऑगस्ट २०२४ ला ग्रीन टग ट्रान्झिशन प्रोग्राम सुरू केला आहे. पहिल्या टप्प्यात जवाहरलाल नेहरू, दीनदयाळ, पारादीप आणि व. उ. चिदंबरनार या चार बंदरांनी किमान दोन-दोन पर्यावरणपूरक टग घ्यायचे आहेत. ड्रायव्हरला त्याची उत्सुकता होती आणि थोडी चिंताही. त्याचा जन्म डिझेलच्या आवाजात गेला आहे. मी म्हटलं, इंजिन बदललं तरी विंच राहील. विंच राहिला तर बुशही राहील. तो हसला आणि मला आणखी एक बांगडा वाढला.

चारला बाहेर पडायचं होतं, पावणेचारला गेटवर आलो. बाहेर पडताना फोटो तपासतात. माझ्या एका फोटोत मागच्या गेटचा भाग आला होता, तो पुसायला सांगितला, पुसला. १३ ला सकाळी परतीची गाडी धरली. खर्च विचाराल तर दोन्ही फेऱ्यांचा प्रवास, लाँच, स्टॅम्प, सेफ्टी शूज आणि किरकोळ धरून चार हजारांच्या आत. मुक्काम आतेभावाकडं होता म्हणून. लॉज घेतलं तर दोन हजार वाढवून धरा. पावसाळ्यात जाऊ नका. गेटवेवरून मांडव्याच्या बोटी बंद असतात आणि बाकीच्यांचा भरवसा नसतो.

तिसऱ्या दिवशी त्या विंचचा फोटो मोठा छापून घेतला आणि दोन नंबरच्या लेथवर भिंतीला लावला. ते सहाही बुश ज्यांनी टर्न केले ते आमचे मामा पासष्टचे आहेत. त्यांनी आयुष्यात समुद्र बघितलेला नाही. चष्मा पुसून फोटोजवळ गेले.

''यात आपला कुठला रं?''

मी ड्रमच्या कडेला, ग्रीसच्या पिवळ्या वळीवर बोट ठेवलं. ''दिसत न्हाई मामा. ह्याच्या आत हाय.''

मामांनी बराच वेळ बघितलं. ''ग्रीस चारी बाजूनं सारखं आलंय,'' म्हणाले आणि लेथ चालू केली.